मांजरपाटाची पोटली

“परत कॉफी? अगं, मागच्या महिन्याचीच अजून जिभेवर आहे.”

हे सरस्वतीवहिनी बोलल्या, सोसायटीच्या मीटिंगला, शेजारच्या खुर्चीतल्या बाईला. मी टेबलामागे उकिडवी बसून पातेल्यातली कॉफी जगमध्ये ओतत होते, म्हणून त्यांना मी दिसत नव्हते. सूर कुरकुरीचा होता, पण मी सूर ऐकलाच नाही, शब्द ऐकले. महिनाभर चव जिभेवर राहते, अजून काय पाहिजे माणसाला? मी उठले आणि पहिला कप वहिनींनाच दिला. काठोकाठ भरून.

माणूस एकदा स्वतःवर खूश झाला की त्याला कानांचा काही उपयोग उरत नाही. माझे तर तेव्हा नऊ वर्षं बंद होते.

चौऱ्याण्णव सालची ही गोष्ट. बदलापूरला आमची चार मजल्यांची बिल्डिंग, सोळा बिऱ्हाडं. सोसायटीची मीटिंग असो, कोणाचं बारसं असो की आमच्याकडची बुद्धपौर्णिमेची वंदना, वीसच्या वर माणसं जमणार असली की कॉफी माझी. मला कोणी सांगायची वेळच मी येऊ देत नसे. कार्यक्रम ठरल्याचं कानावर आलं की दार वाजवून सांगून यायची, “कॉफीचं माझ्याकडे बरं का.” समोरचा क्षणभर गप्प व्हायचा. भारावून, असं मला वाटायचं.

ही कॉफी मला कोणी शिकवली नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं बघून बघून. आमचे हे, म्हणजे शिवराम, अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर. त्यांच्या मद्रासकडच्या साहेबांनी पंच्याऐंशी साली नवं घर घेतलं तेव्हा आम्हाला जेवायला बोलावलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून मी बघितलं, एक बाई फडक्यातून काळंभोर पाणी गाळत होती आणि घरभर वास सुटला होता. एवढंच बघितलं. तेवढ्यात पानं वाढली म्हणून हाक आली. बाकीचं मी डोक्यानं केलं.

डोक्यानं असं केलं: उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेले. तिथल्या सिंधी दुकानदारानं “ले जा अदी, कडक माल है,” म्हणत अर्धा किलो पूड बांधून दिली. अदी म्हणजे त्यांच्यात ताई. ताई म्हटल्यावर मी भाव केला नाही. घरी येऊन मांजरपाटाची पोटली शिवली, दुहेरी शिवण घालून, तोंडाला नाडी. पोटलीत पूड बांधायची, मोठ्या पातेल्यात सोडायची आणि तूरडाळीसारखी अर्धा तास रटरटू द्यायची. मग दूध, साखर, वरून जायफळ. फिल्टर नावाची वस्तू असते हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी म्हटलं, वीस माणसांना तो काय पुरणार?

चव बघायचा प्रश्नच नव्हता. मी चहाची. कॉफी पाहुण्यांची. साखर तेवढी बघायची, तीही तळहातावर एक थेंब घेऊन. तळहाताला तसाही रोज धुण्याच्या साबणाचा वास असायचा. बाकी वाढणारी बाई शेवटी घेते, आणि शेवटी माझ्या पातेल्यात काही उरतच नसे. वीस माणसं, वीस कप, वीसही रिकामे. त्याचाच तर मला गर्व.

आता स्वच्छतेचं सांगते. माझी आई गावात लोकांच्या शेतावर राबायची. तिला तिथे चहा मिळे तो वळचणीला खोचून ठेवलेल्या वेगळ्या कपात, हातभर वरून ओतलेला. तो कप तिनंच विसळायचा आणि तिनंच परत खोचायचा. ही गोष्ट ती हसत हसत सांगायची, आणि आम्ही पोरं पण हसायचो, कारण आई हसते म्हणजे गंमतच असणार. पुढे बदलापूरला आल्यावर सोळा बिऱ्हाडांत आम्ही दोनच बौद्ध, आणि बाकीची सगळी माझ्या हातची, माझ्या कपातली कॉफी पितात, हे मी पहिल्यांदा बघितलं त्या रात्री मला झोप आली नाही. मग ठरवलं, बोट ठेवायला कोणाला कणभर जागा ठेवायची नाही. कप उकळत्या पाण्यातून काढायची. पोटली पिवळ्या साबणानं तीनदा घासायची. नळाला पाणी सकाळी तासभर, त्यामुळे साबण सढळ हातानं आणि पाणी मोजून. वाळत घातलेली पोटली अशी पांढरी दिसायची की येणाराजाणारा विचारी, काय आहे म्हणून.

इशारे मिळत होते. नाही कशाला म्हणू? हे म्हणायचे, “मला कॉफीनं पित्त होतं.” हिरव्या मिरचीचा ठेचा नुसता भाकरीबरोबर खाणारा माणूस. अंजना, माझी मुलगी, एकदा म्हणाली, “आई, पोटली नवीन घेऊ या ना.” त्या दिवशी मी पोटलीला चौथ्यांदा साबण लावला. आणि सोसायटीच्या मीटिंगा. कॉफी येतेय म्हटलं की उरलेले सगळे विषय पाच मिनिटांत मंजूर. सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, तुमच्यामुळे कामं होतात.” मी हे दोन महिने सगळ्यांना सांगितलं.

तर अंजना. बीएस्सी करून एमआयडीसीतच एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली होती. तिथे स्टोअरला जयदेव. दोघांनी आपापसात ठरवलेलं, आता घरच्यांनी हो म्हणायचं बाकी. आमचं हो होतंच. जयदेवची आई द्रौपदीबाई, उल्हासनगरची. नवरा गेल्यावर तिनं एका मशीनवर जीन्स शिवायला घेतल्या, आता चार मशीन टाकून बसलेली. बाई कमी बोलणारी आणि नीट बघणारी.

पहिल्यांदा ती सात माणसं घेऊन आली. मी कॉफी दिली. तिनं एक घोट घेतला, कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उरलेली एका दमात औषधासारखी पिऊन टाकली. “बरं,” म्हणाली. दहा मिनिटांत “जय भीम” म्हणून सगळी उठली.

नंतर तीन आठवडे निरोप नाही. जयदेव अंजनाला म्हणे, आई विषयच काढू देत नाही. पोरगी जेवेना. ताटात बोट फिरवत बसायची, आणि मी काही विचारलं की “काही नाही” म्हणायची. मी रात्रंदिवस कारणं शोधली. चौथा मजला, लिफ्ट नाही. अंजनाची उंची. यांनी पाहुण्यांसमोर युनियनचं भाषण सुरू केलं होतं ते. सगळं तपासून शेवटी मला खरं कारण सापडलं: मी कप लहान काढले होते.

मग निरोप आला. येत्या रविवारी येतो, बावीस माणसं आहोत, हो की नाही ते समोरासमोर बसून बोलू.

मी बाजारातून बावीस मोठे कप आणले.

शनिवारी संध्याकाळी हे म्हणाले, “उन्हाचे दिवस आहेत, थंड आणू या का बाटल्या?”

“बावीस माणसांना बाटल्या? लग्न मोडायचंय का?”

अंजना म्हणाली, “आई, चहा कर. प्लीज.”

“चहा टपरीवर पण मिळतो.”

“आई, तुझी कॉफी...”

“काय माझी कॉफी?”

ती यांच्याकडे बघायला लागली. हे पंख्याकडे बघायला लागले. “काही नाही,” अंजना म्हणाली.

तेवढ्यात समोरून सरस्वतीवहिनी आल्या. आमचं दारासमोर दार. त्या मूळच्या रोह्याकडच्या शेतकरी घरातल्या, पण बदलापूरला त्यांच्याइतकं जवळचं मला कोणी नव्हतं. म्हणाल्या, “उद्या चहाचं मी बघते. तुम्ही मुलीची आई, तुम्ही पाहुण्यांत बसा.”

मला भरून आलं. सगळी माझे कष्ट वाचवायला बघतायत, असं वाटलं. मी म्हटलं, “वहिनी, अंजनासाठी कष्ट कसले? उद्या अशी कॉफी करते की नाही म्हणायला त्यांची जीभ उचलणार नाही.” वहिनींनी अंजनाच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. आणि मी पोटली धुवायला बसले. प्रसंग मोठा म्हणून पाच वेळा.

रविवारी पाहुणे आले. फोटोंपुढे मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं आणि सतरंजीवर बसले. सरस्वतीवहिनी आणि त्यांचे मिस्टरही आमच्या बाजूनं बसले होते. मी ट्रे घेऊन बाहेर आले. पहिला कप द्रौपदीबाईंपुढे धरला.

त्यांनी घेतला नाही. “ताई, तुमचा कप कुठाय?”

“माझं मागाहून. आधी पाहुणे.”

“मागाहून नाही. इथं बसा माझ्याजवळ. तुम्ही घ्या, मग मी घेते.”

“अहो, त्यांना सवय नाही कॉफीची,” सरस्वतीवहिनी घाईनं म्हणाल्या.

“नाही कशी? नऊ वर्षं करतात म्हणे.”

अंजना स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की इथे काहीतरी आहे जे मी सोडून सगळ्यांना माहीत आहे. द्रौपदीबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि मोठ्यातला मोठा कप माझ्या हातात दिला. तो मीच काठोकाठ भरला होता.

मी घोट घेतला.

आधी साखर लागली. मग जायफळ. मग कडूजहर काहीतरी, करपलेल्या भाकरीसारखं. आणि त्याच्यामागून, अगदी सावकाश, ओळखीचा माणूस जिना चढून यावा तसा पिवळा साबण आला. ओळखायला वेळ लागला नाही, तो रोज माझ्याच हातात असतो. थुंकणार कुठे, समोर बावीस पाहुणे. गिळला. मग दुसरा घोट घेतला, कारण माणसाला आशा असते.

दुसऱ्या घोटाला फेस पण होता.

“साबण आहे यात,” मी म्हटलं.

द्रौपदीबाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारची मेणबत्ती हलली. “तुम्हाला पण लागतो ना?”

“लागतो.”

“मी तीन आठवडे झोपले नाही, ताई. म्हटलं, या बाईला स्थळ पसंत नाही. तोंडानं सांगवत नाही म्हणून कपातून सांगते. पोरगं म्हणतं, नाही आई, तसं नसेल. म्हटलं, मग जाऊनच बघते, स्वतः पितात का.”

“मुद्दाम नाही दिला हो,” मी म्हटलं. “मी हे नऊ वर्षं सगळ्यांनाच देतेय.”

पहिले हसले ते आमचे हे. मी त्यांच्याकडे बघितलं तर तोंडावर हात. मग जयदेव हसला, मग सगळी सतरंजी हसली. द्रौपदीबाईंनी पोटली मागवली. अंजनानं ती ओली, वाफाळती, ताटलीत आणून दिली. बाईंनी दोन बोटांत शिवण धरून दाबली. बुडबुडे आले.

“मांजरपाट, आणि त्यावर दुहेरी शिवण,” त्या म्हणाल्या. “जीन्सला घालतो तसली. यात साबण आत जातो, विसळून बाहेर येत नाही. पातळ मलमल घ्या, एकेरी टीप मारा आणि साबण दाखवू पण नका. नुसतं पाणी.” पोटली ताटलीत ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. “मुलगी पसंत आहे, विहीणबाई. आधीपासूनच होती. तेवढी कॉफी तिला शिकवू नका म्हणजे झालं.”

अंजना आत पळाली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. इतक्या लगेच आला की ते आधीच भरून ठेवलेलं असणार.

सगळी हसत होती, मीही हसत होते. पण हसता हसता मला एकेक कप आठवायला लागला. बारशाचे, पूजेचे, मीटिंगचे. सगळे रिकामे परत आलेले. कोणी अर्धा ठेवला नाही, कोणी पित्ताचं, उपासाचं कारण सांगितलं नाही. घरचा माणूस तेवढा पित्ताचं सांगून सुटला. परक्यांनी मात्र शेवटच्या थेंबापर्यंत साबण प्यायला.

मी सरस्वतीवहिनींकडे वळले. “वहिनी, तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

“झाली सवय,” त्या म्हणाल्या.

“नऊ वर्षांत एकदा तरी नको म्हणायचं. बिल्डिंगमध्ये कोणीच कसं म्हटलं नाही?”

वहिनींनी आपल्या मिस्टरांकडे बघितलं. ते सतरंजीचा दोरा ओढत होते. वहिनींनी समोरचा, माझ्या हातचा तो साबणाचा कप उचलला, परत खाली ठेवला.

“नको कसं म्हणणार, पद्मजावहिनी?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला वाटलं असतं, जातीमुळे नको म्हणतात.”