सातव्या वळ्यावरचे पाय

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. कडेला माझा टवका उडालाय, पण राग शाबूत आहे.

माझी काच कुठल्या कारखान्यात घासली गेली ते आठवत नाही. मला कळायला लागलं ते १९८८ साली, वैजयंताबाईंच्या हातात. त्या भाईंदरला नवघरात राहायच्या आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. त्यांना वाणी गोळा करायचा नाद होता. वाणी म्हणजे हात लागताच वेटोळं करणारा, पुष्कळ पायांचा किडा. वरून बरेचसे सारखेच दिसतात, पण नराच्या अंगावरच्या वळ्यांपैकी सातव्या वळ्यावरचे पाय निराळे असतात. त्यांच्या आकारावरून जात ठरते. ते पाय मोठे करून दाखवणं हे माझं काम.

एकदा उत्तनच्या लुईझाबाईंनी बाईंना आपल्या वाडीत नेलं. "असे पिवळ्या पायांचे आमच्याच वाडीत हायत, दुसरीकडं न्हाय," त्या म्हणाल्या. बाईंनी दोन वर्षं तपासून पाहिलं. जात खरंच नवी होती. त्यांनी बाटलीवर चिठ्ठी लावली: उत्तन, तारीख, आणि शोधणाऱ्या दोघींची नावं.

विभागप्रमुख काशीनाथ सरांनी ती बाटली मागून घेतली. सोबत बाईंनीच पेणकरपाड्यात जमवलेल्या वाण्यांची बाटलीही नेली. तिच्यात नेहमीचे, पूर्वीच नाव मिळालेले वाणी होते. स्पिरिटमध्ये रंग उडतो, त्यामुळे दोन्ही बाटल्या सारख्याच दिसायच्या. महिन्याभरात सरांनी चिठ्ठ्या फाडल्या आणि नव्या जातीला आपल्या वडिलांचं नाव द्यायचं ठरवलं. बाईंनी विचारलं, आमची नावं कुठे गेली?

"बाटल्या धुणाऱ्यांची नावं शास्त्रात येत नसतात," सर म्हणाले, आणि मला टेबलावर आपटलं. टवका उडाला तो तेव्हा.

नव्या जातीवरचा सरांचा लेख पोस्टात टाकायचं काम बाईंवरच आलं. त्यांनी आधी सरांनी काढलेलं चित्र माझ्यातून पाहिलं. त्यातले सातव्या वळ्यावरचे पाय पेणकरपाड्याच्या वाण्याचे होते. चिठ्ठ्या नसल्यामुळे सरांनी चुकीची बाटली उघडली होती. बाई एक शब्द बोलल्या असत्या तर चूक टळली असती. त्यांनी पाकिटाला डिंक लावला. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

सरांचा सत्कार झाला. बाईंनी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मी पर्समध्ये वाट बघत होतं.

पुढची चार वर्षं बाई उत्तनला जात राहिल्या, नवे नर जमवले, चित्रं काढली. १९९४ साली त्यांचा लेख छापून आला. सरांनी दिलेलं नाव बाद झालं, कारण त्यांच्या चित्रातल्या जातीला आधीच नाव होतं. उत्तनच्या खऱ्या नव्या जातीला लुईझाबाईंचं नाव मिळालं.

सर नवघरला आले. पाणीही प्यायले नाहीत.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणूनच पाकीट रजिस्टरनं पाठवलं. वाटेत हरवायला नको."

सर कठड्याला धरून जिना उतरले. बाई बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या. मला मात्र दया आली नाही, अजूनही येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला क्षमा करायला शिकवतात. मला ती जमली नाही. माझं मागणं एवढंच, की जी गोष्ट ज्यानं पहिल्यांदा पाहिली, त्याचं नाव तिच्यावर राहू द्या. आणि कुणाची चिठ्ठी फाडलीत, तर समोरचा गप्प बसला म्हणून निर्धास्त होऊ नका.