ठाकुर्लीहून येणारा सूर

बाळकुमच्या गावठाणातल्या डॉमनिकला मशीनवर चिडायला भारी आवडायचं. माणसावर चिडायचं तर समोर माणूस लागतो, आणि बायको, बर्नाडेट, गेल्यापासून त्याच्या घरात तो नव्हता. कॉम्प्युटर मात्र होता. त्यामुळे रविवारी चर्चमधून आला, की कोट उतरवायच्या आधी डॉमनिक त्यालाच शिव्या घालायला बसे.

कारणही तसंच होतं. डॉमनिक आणि मार्विन, दोघांनी गावच्या ब्रास बँडमध्ये उभी हयात ट्रम्पेट वाजवलेला. त्यांच्याकडच्या लग्नात आदल्या दिवशी विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरा-नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला मंडळी वाजतगाजत निघतात. पुढे चालत वाजवताना या जोडीची एक रीत होती. एकाने दम घेतला, की दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटे, एकच माणूस वाजवतोय आणि त्याला श्वास म्हणून लागतच नाही! आता मार्विन ठाकुर्लीला मुलीकडे, स्वीडलकडे, राहायला गेलेला. इमारत बिनलिफ्टची, घर चौथ्या मजल्यावर. डॉमनिकचे गुडघे आणि ते जिने यांचं जमेना, आणि मार्विन आजारपणापासून खाली उतरला नव्हता. म्हणून दोघं इंटरनेटवरून एकत्र वाजवत.

पण मार्विनचा सूर तुटत येई. मध्येच टिक, मध्येच खड्डा.

"डॉमनिक," मार्विन एकदा म्हणाला, "मशीनचा दोष असेल तर कर दुरुस्त. माजा असेल तर तोंडावर सांग. ट्रम्पेट माळ्यावर टाकतो न गप बसतो."

"तुजा कसला दोष रे? तो आतला कर्नल आहे ना, त्याला सारखं कोणीतरी हाक मारतं. बघतो मी त्याच्याकडे."

वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात मशीनचे कंट्रोल सांभाळून डॉमनिक निवृत्त झालेला, त्यामुळे हे त्याच्या हातचं काम. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. माऊस हलला, नेटवरून काही आलं, डिस्कला काही सांगायचं असलं, की जो तो हाक मारतो, आणि प्रोसेसरला हातातलं टाकून ओ द्यावी लागते. शिवाय कारभाऱ्याचं स्वतःचं घड्याळ सारखं टोचत असतंच. पत्र लिहिताना हा खोळंबा कळतही नाही, सुरात मात्र तेवढ्यानेही टिक होते. लग्नघरात भाकऱ्या थापणाऱ्या बाईकडे दर मिनिटाला कोणी पाणी मागायला गेलं, तर तव्यावरची करपणारच.

मग डॉमनिक हात धुऊन मागे लागला. प्रोसेसरचे कोर चार, म्हणजे कामकरी चार. सगळ्यांच्या हाका त्याने पहिल्याच्या गळ्यात मारल्या आणि चौथा फक्त सुरासाठी राखला. त्याच्याकडे कोणी फिरकायचं नाही, घड्याळानेही नाही. पहिल्याचे हाल कुत्रा खाईना, पण चौथा निवांत! मग दुरूनच मार्विनच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून तिथेही तसंच केलं. खोळंबा मोजणारा प्रोग्राम दोन्हीकडे दिवसभर चालवला, तर रेघ सपाट आली, म्हणजे खोळंबा कुठेच नाही. डॉमनिकने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या, आणि त्या थांबल्यावर घर फारच गप्प वाटलं.

रविवारी दोघं वाजवायला बसले. टिक नाही, खरखर नाही. मागे स्वीडलच्या कुकरची शिट्टीसुद्धा कशी स्वच्छ. आणि मग खड्डा आला.

डॉमनिकने स्क्रीनवरच्या रेघेकडे पाहिलं. ती सपाटच होती. पुन्हा खड्डा आला, आणि आता टिकटिक नसल्यामुळे खड्ड्यात काय आहे तेही ऐकू आलं. मार्विन धापा टाकत होता. पूर्वी तो ओळ संपली की दम घ्यायचा. आता ओळीच्या ऐन मध्यात, मिळेल तिथे घेत होता, आणि घेतलेला पुरतही नव्हता. इतके दिवस डॉमनिकने चोर सोडून संन्याशाला फाशी दिलेली. चोर सापडला तेव्हा डॉमनिकला रडू फुटलं. बघायला घरात कोणी नव्हतं, म्हणून त्याने ते आवरलंही नाही. मशीनवर चिडण्यात किती सुख होतं, ते त्याला आता कळलं.

"डॉमनिक? थांबलास का रे?" मार्विनचा आवाज आला. "आता कसा येतो सूर? रेकॉर्ड केलंस ना? मना पण ऐकव."

ऐकवलं असतं, तर ट्रम्पेट त्याच दिवशी माळ्यावर गेला असता. आणि मग रविवारी चर्चमधून येऊन डॉमनिकने करायचं काय? हा विचार त्याच्या मनात आधी आला, मार्विनचा नंतर. त्याची त्याला लाजही वाटली.

"ते नीट झालंच नाही," तो म्हणाला. "दोन मिनिटं दे. परत वाजवू."

त्याने डोळे पुसले आणि दोन्ही कॉम्प्युटरवरच्या सगळ्या हाका परत चौथ्याच्या अंगावर सोडल्या. माऊस, डिस्क, नेट, घड्याळ, सगळ्यांच्या. मग दोघांनी तेच गाणं पुन्हा वाजवलं. टिकटिक जोरात सुरू झाली, आणि तिच्याखाली धाप कुठल्या कुठे दडली. हे रेकॉर्डिंग डॉमनिकने ठाकुर्लीला पाठवून दिलं.

मार्विनने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"अरे, अजून तुटतंय रे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "म्हणजे मशीनच!"

"मशीनच," डॉमनिक म्हणाला. "पुढच्या रविवारी परत बघतो."

"बघ, बघ. घाई नाय."