काचेच्या मागची बाजू

काचेवरचं सगळ्यात लहान अक्षर स्वल्पविरामाएवढं होतं, आणि त्याच्याभोवतीची चिकटपट्टी काही केल्या सुटत नव्हती. तिनं नखानं कोपरा उचलला, फुंकर मारायला तोंड पुढे केलं आणि तशीच थांबली... फुंकर नको. फुंकर म्हणजे आधी श्वास भरून घेणं, आणि श्वास भरला की खोकला आलाच. आठ महिने ती त्याला गिळत आली होती. वाळू मारायचं मशीन चालू असलं की त्याच्या घरघरीत खोकून घ्यायचं, मशीन थांबलं की आपणही गप्प. घरी नळ सोडून. परवा लेक न्हाणीच्या दाराशी उभी होती – “आई, नळ सोडून आत काय करतेस गं?” दात घासते, म्हणाली ही. दिवसातून चार वेळा दात! लेक हसली नाही, नुसती बघत राहिली.

आज चार वाजता तपासणीची गाडी येणार होती, छातीचे फोटो काढणारी. मागल्या खेपेला हिचं कार्ड घेऊन पॅकिंगवाली रांगेत उभी राहिली होती. ती बाई धडधाकट, त्यामुळे फोटो स्वच्छ निघाला, आणि “तुझी छाती अगदी ठणठणीत आहे हं” म्हणत दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. आजही तसंच ठरलं होतं. डाग दिसला की वाळूच्या खोलीतून बाहेर, आणि बाहेर म्हणजे घरी. घरी नवरा आधीच तीन उशांना टेकून बसलेला, नाकात नळी घालून. काचेवर वाळूचा फवारा मारून अक्षरं कोरायला त्यानंच तिला शिकवलं होतं. त्यानंही दोन वर्षं तपासणी चुकवली होती. तेव्हाच आला असतात तर... डॉक्टर त्या ‘तर’च्या पुढे बोललेच नाहीत – आणि हे सगळं मी कानांनी ऐकलंय, आणि तरी मी तेच करतेय.

“अहो बाई, हे तर आरशातलं झालं!”

ही काच करायला देणारे म्हातारे मास्तर पलीकडे येऊन उभे होते. काच मागून कोरायची, म्हणून अक्षरं उलटी चिकटवायची, की ती पुढून सुलटी दिसतात. हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. पण ही लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे जाणारी. मुळातच उलटी, तिला आणखी काय उलटायचं, असं म्हणून तिनं अक्षरं होती तशीच चिकटवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

“चुकलं माझं. नवी करून देते.”

“थांबा, थांबा. तुमच्या बाजूनं बघू.” मास्तर वळसा घालून तिच्याशेजारी आले आणि काचेवरून उजवीकडून बोट फिरवू लागले. “एल-रोई. इथून बरोबर आहे की.”

“म्हणजे काय हो?”

“मला पाहणारा देव. देवाचं नाव आहे, बायबलातल्या एका दासीनं ठेवलेलं.”

“दासीनं? देवाचं?”

“पोटुशी होती. मालकिणीच्या जाचानं रानात पळाली. तिथं देवानं तिला विचारलं, कुठून आलीस, कुठं चाललीस? तोवर तिला असं कुणी विचारलंच नव्हतं.”

“मग सुटली ती?”

“नाही. परत जा म्हणाला. त्याच घरी.” मास्तरांचं बोट अजून काचेवरच होतं. “माझी बायको गेली त्या वर्षी हे वाचून मी पुस्तक भिरकावलं होतं. पण नाव काही डोक्यातून जाईना. परत गेली खरी, पण माझ्याकडे कुणी बघितलंच नाही, असं तिला पुन्हा म्हणता आलं नसेल. राहू द्या काच अशीच. दाराला लावायचीय, आत बसलेल्याला वाचता येईल.”

ते गेले, आणि तिला दरदरून घाम फुटला. पाहणारा... म्हणजे आठ महिने सगळं पाहिलेलं? नळ, दात घासणं, रुमालावरचा तांबूस ठिपका, पॅकिंगवालीची छाती? आधी वाटलं, चोर पकडला गेला. आता ओरडा बसणार. पण ओरडा बसेना. नुसतेच दोन प्रश्न मागे राहिले. कुठून आलीस? वाळूच्या खोलीतून. कुठं चाललीस? चौथ्या उशीकडे, ह्यांच्या शेजारी... आणि मग लेक? हे वाक्य तिनं आजवर मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं. पुरं केलं, आणि तिला भयंकर भीती वाटली. त्या भीतीतच कुठंतरी थोडी जागा झाली, गर्दीत कुणीतरी सरकून बसावं एवढीच.

“कार्ड दे ना गं, रांग लागली,” पॅकिंगवाली दारातून म्हणाली.

“देते.”

कार्ड हातात होतं. हात पुढे होईना, मागेही येईना. बघतोयस ना? मग नीट बघ. नवऱ्याशी भांडावं तशी ती मनातल्या मनात त्या पाहणाऱ्याशी बोलत होती. आणि माझ्या फोटोत डाग दिसून पाठवणारच असशील परत त्याच घरी, तर एकटी नाही जायची मी. तू यायचंस बरोबर. आत्ताच सांगून ठेवते.