अडीच इंची शांतता

दादा मागे पडायला लागला तेव्हा मी आधी त्याच्या वजनाला दोष दिला, मग वहिनीच्या हातच्या चवीला, आणि शेवटी टायरना. माणसांपेक्षा रबराला दोष दिलेला बरा. रबर उलट बोलत नाही.

रविवारी सकाळी आम्ही भाऊबहीण टेकडीमागच्या जंगलात सायकली घालतो. रस्ता खडीचा, रुंद, गाड्यांना बंद. त्या वेळी तिथे इतकं धुकं असतं की झाडं अर्धीच उभी असतात; वरचं अर्धं कुणी काढायचंच विसरून गेल्यासारखी. मी पुढे, दादा मागे. बोलायचं नाही. दादाचं सगळं आयुष्य पाणीखात्यात गेलं. रस्त्याला नळी लावून तो कान देऊन ऐकायचा आणि खाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचा. निवृत्त झाला तरी तोंड मिटून चालायची सवय काही सुटली नाही. मी लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवते आणि आठवडाभर गिऱ्हाइकांशी घसा कोरडा होईपर्यंत बोलते, तेव्हा ते मौन मलाही हवंच असतं. माझ्या टायरचा घुंऽऽ असा एकसुरी आवाज, मागून त्याच्या टायरचा तसाच, आणि दोन्हींच्या मधे धुकं. अर्धी झोप पुरी केल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी दादाच्या डोळ्यांत काहीतरी सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल, हळूहळू. दादाने घरी येऊन हे अशा सुरात सांगितलं, जणू शेजाऱ्याची छत्री हरवलीय. मोटार त्याने त्याच दिवशी सोडली. सायकल सोडली नाही. "रस्ता कडांवरूनच कळतो गं," म्हणाला, आणि मी अन् वहिनी, दोघींनी त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

मग तो मागे पडायला लागला. पुलापाशी मी थांबायचे, आणि तो इतक्या वेळाने यायचा की माझा घाम वाळून थंडी वाजायची. शेवटी एकदा आम्ही एवढ्या उशिरा घरी पोचलो की वहिनी दारातच उभी.

वहिनी एरवी मला अगं-तुगं करते. रागावली की वन्सं म्हणते.

"वन्सं, तुमचे बंधुराज मागे राहतात आणि तुम्ही पुढे निघून जाता. एखाद दिवशी हे ओढ्यात पडायचे आणि तुम्हाला ते इथे चहा पिताना कळायचं."

"वहिनी, अगं त्याचे टायर जड आहेत. ट्रॅक्टरला शोभतील असे. बदलून घेते ना."

"बदला. आणि पुढच्या रविवारी जर हे तुमच्या मागोमाग आले नाहीत, तर सायकल विकून मी त्या जागी शिवणयंत्र ठेवीन."

"पण तुला कुठे शिवता येतं?"

"शिकेन," वहिनी म्हणाली. दादा बूट काढत होता. बुटाची नाडी त्याच्या बोटांना सापडत नव्हती.

सायकलच्या दुकानात गेलो तर मालकीणबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. गल्ल्याशेजारी टोपलीत त्यांची मुलगी झोपली होती, मुठी डोक्याजवळ, जणू कुणीतरी हात वर करायला लावलेत. "आत्ताच डोळा लागलाय," त्या कुजबुजल्या. मग आम्ही तिघं जण कुजबुजत टायर बघायला लागलो. चोरी करायला आल्यासारखे.

नव्या रबराचा वास, खुंट्यांना लटकलेली काळी वर्तुळं, आणि कुणाचाच आवाज नाही. मला पेंग यायला लागली.

"तुमच्या टायरचे दाते मोठे आणि लांब लांब आहेत," बाई कानाशी येऊन म्हणाल्या. "चिखलात छान धरतात. खडीवर मात्र प्रत्येक दाता जमिनीशी थांबून विचारपूस करतो. आता हे बघा." त्यांनी एक टायर खाली उतरवला. "मधले दाते बुटके, एकमेकांना खेटून. म्हणून पळतो. कडेचे जरा मोठे, वळणावर धरायला. आणि अडीच इंच रुंद, त्यामुळे हवा कमी ठेवता येते. खड्यावरून उडत नाही, खडा पोटात घेतो."

"फाटायचा नाही ना पण?" मी.

"याच्यात दोन जाती आहेत. पातळ अंगाचा हलका असतो, पण अणकुचीदार दगड त्याला सोसत नाही. हा जरा जाड अंगाचा. जंगलात हाच घ्या."

मी टायर हातात घेऊन दाबून पाहिला. पडद्याचं कापड बघतात तसा. चांगला होता. "दोघांच्याही सायकलींना हेच घाला," मी म्हणाले.

"माझ्या सायकलीला घाला," दादा म्हणाला. "हिला नको."

"का? मी काय पाप केलंय?"

"तुझे अजून झिजलेले नाहीत."

"तुझे तरी कुठे झिजलेत? दादा, मी हलके पळणारे घेतले की तुला काय टोचतं?"

त्याने नुसती मान हलवली. लहानपणी गच्चीची किल्ली लपवायचा तेव्हाचा चेहरा. मला हसू आलं आणि रागही.

"आधी चालवून बघा ना," बाई म्हणाल्या. दुकानाच्या मधोमध लोखंडी चौकटीत दोन फिरते रूळ होते. त्यांच्यावर सायकलचं मागचं चाक चढवलं की ती जागच्या जागी चालवता येते. त्यांनी माझी सायकल तिथे लावली, मी बसले आणि पॅडल मारलं. घुंऽऽ. एवढा आवाज झाला की मी दचकून टोपलीकडे पाहिलं.

"मारा, मारा," बाई हसल्या. "तिला याच आवाजावर झोप येते. रात्री हीच आमची अंगाई."

खरंच, मुलीच्या मुठी सैल झाल्या. दादा माझ्यासमोर, हात लांब केला तर लागेल इतका जवळ उभा होता. त्याचाही चेहरा सैल झाला होता. डोळे माझ्या खांद्यावरून कुठेतरी मागे लागलेले, आणि ओठांवर हसू, जंगलातलं.

मग बाईंनी ते चाक काढून नव्या टायरचं दुसरं चढवलं. मी पुन्हा पॅडल मारलं. पाय असे फिरले की त्यांना कामच नव्हतं. आणि आवाज नाही. रूळ फिरत होते, चेन बारीक सळसळत होती, बाकी काही नाही. टोपलीतल्या मुलीने डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

दादाने डोकं एका बाजूला कलवलं. मग दुसऱ्या बाजूला. कपाळावर आठी आली, हात किंचित पुढे आला. तो मला शोधत होता. मी त्याच्यासमोर होते.

माझे पाय थांबले.

"दादा. मी दिसत नाही तुला?"

तो म्हणाला, "तुझ्यामागचं कपाट दिसतं. लाल आहे. छान आहे."

"आणि जंगलात?"

"झाडं दिसतात दोन्हीकडची. रस्त्याच्या कडा दिसतात. तुझ्याकडे बघायला जावं तर तिथे धुकं." तो खाली बघून हसला. "तू ऐकू येतेस ना."

"मग मागे का पडतोस, मेल्या?" माझा आवाज चढला. मूल रडतच होतं, आता कुजबुजायचं कारण उरलं नव्हतं.

"माझेच टायर गुरगुरतात गं. त्यांच्यातून तुझे निवडून काढायचे म्हणजे मला हळू जावं लागतं. हळू गेलो की तू लांब जातेस. लांब गेलीस की आणखी हळू."

बाईंनी मुलीला उचलून माझ्या हातात दिलं, कारण त्यांचे हात काळे होते, आणि माझे कशातच नव्हते. ती गरम होती आणि चिडलेली. तिला थोपटता थोपटता मला दादाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि त्याचा हात धरून त्याला घरी न्यावंसंही. घरी नेलं असतं तर सायकल संपली असती. तो खिडकीत बसला असता, आणि खिडकीच्या कडा तेवढ्या पाहिल्या असत्या.

"हे टायर याच्या सायकलीला घाला," मी बाईंना म्हणाले. "दोन्ही चाकांना. माझे आहेत तेच राहू देत. गुरगुरणारे."

"तुमचे पाय दुखतील," बाई म्हणाल्या. "ते पळतील आणि तुम्ही रखडाल."

"रखडेन. पण दादा, वहिनीला तू सांगायचंस. आजच. मी सांगणार नाही."

"ती सायकल विकेल."

"विकू दे. पण सांग."

त्याने सांगितलं. काय सांगितलं आणि तिने काय ऐकवलं ते मला ठाऊक नाही. पण रविवारी जंगलाच्या फाटकापाशी वहिनी आमच्याबरोबर उभी होती, घरातल्याच चपला, अंगावर दादाचा स्वेटर.

"तू एकटी पुढे जा," मला म्हणाली. वन्सं नाही, तू. "वळणापर्यंत."

मी गेले आणि मागे वळून पाहिलं, तर ती डोळे मिटून उभी होती. मान वाकडी करून. मी परत आले तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"येतेस," ती म्हणाली. "ऐकू येतेस बाई, चांगली येतेस." मग डोळे पुसून दादाकडे वळली. "आणि तुम्ही. हिच्यापासून लांब राहिलात तर घरी जेवायला येऊ नका."

आम्ही निघालो. धुकं नेहमीसारखं, झाडं अर्धी. मी पाय रेटत होते, माझा प्रत्येक दाता खडीशी विचारपूस करत होता, आणि मागून काहीच येत नव्हतं. मला सवय नव्हती. इतकी वर्षं मागून जो आवाज यायचा तो मी ऐकते हेही मला माहीत नव्हतं. आता तो नाही म्हटल्यावर पाठीला जणू दारच उरलं नाही. हाक मारावी, तर त्याचा कान माझ्या टायरवर. मधे शब्द टाकायचा नाही असं ठरलेलं. वळून बघावं, तर हँडल हलायचं, मग तोही हलायचा. पुलाचा उतार आला, पूल गेला. ओढ्याचं पाणी धुक्याखाली बोलत होतं, ते तरी त्याला माझ्यापासून निवडता आलं असेल का?

तो मागे पुलावर उभा असेल. किंवा पुलावर नसेल. मी पॅडल मारायची थांबले. चाक मंद होत गेलं, घुंऽऽ बारीक होत होत विरलं, आणि जंगल एकदम फार मोठं झालं.

टप्.

माझ्या मागच्या चाकाला काहीतरी हलकेच लागलं. मऊ, रुंद, हवा कमी भरलेलं. सायकल वीतभर पुढे ढकलली गेली.

"अगं," दादा माझ्या कानामागे, अगदी कानामागे म्हणाला, "गप्प का झालीस?"