दिवेलागण

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुडगावात काचेची ऑफिसं उठत होती आणि त्यांच्या पायाशी नवी नवी हॉटेलं. बहुतेकांत ट्यूबलाइटचा असा लख्ख उजेड, की जेवणाऱ्याला वाटावं, दातांच्या डॉक्टरकडे येऊन बसलो. चोप्रासाहेबांना आपलं हॉटेल तसं नको होतं, म्हणून तर त्यांनी सुकन्याला प्रकाशयोजनेचं काम दिलं. तरी ‘मॅडम, बल्ब ही तो लगाने हैं’ हा टोमणा अधूनमधून असायचाच.

सुकन्याने छतावरून उजेड ओतला नाही. वरून प्रकाश पडला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि समोरचा माणूस आजारी वाटला की आपलीही भूक मरते. तिने भिंतींवर पिवळसर दिवे लावले, प्रत्येक टेबलावर साखळी ओढून लावायचा छोटा दिवा ठेवला. भिंतीवरचे दिवे उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर घेतले. दुपार सरून संध्याकाळ कधी झाली हे कुणाला कळू नये, इतक्या सावकाश ते बदलायचे.

हे तिला का सुचलं, ते तिने चोप्रासाहेबांना सांगितलं नव्हतं. लष्करी छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहत असल्यापासूनची घरची रीत होती. तिन्हीसांजेला तिचे वडील, मारुतराव, बटण दाबायचे. मग तिघंही उजळलेल्या बल्बला हात जोडायची. वडील गेल्यापासून गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आई, पार्वतीबाई, सुकन्या परतेपर्यंत अंधारात बसून राहायची. नंतर ताटातलं चिवडून उठायची. निदान एक संध्याकाळ तरी ती वेळ आईच्या नकळत सरावी, आईने पोटभर जेवावं, एवढंच सुकन्याला हवं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हॉटेलासाठी राबलेल्यांच्या घरच्या मंडळींसाठी जेवण होतं. तिने आईला ऊन असतानाच आणून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं.

“इथं कुणी मोठ्यानं बोलतच नाही,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“उजेड मंद असला की माणसं हळू बोलतात, आई.”

“मग तुझ्या आत्याकडे बसव एक असला दिवा.”

सुकन्याला हसू आलं. पलीकडे इलेक्ट्रिशियन शंभू डिमर फिरवत होता, घड्याळाचा काटा सरकावा तसा. पार्वतीबाईंनी सूप संपवलं. रोटी मोडली, तुकडा डाळीत बुडवला. तेवढ्यात त्यांची नजर काचेच्या दाराकडे गेली. बाहेर काळोख होता. तुकडा त्यांनी ताटात परत ठेवला.

“दिवे कधी लागले गं?”

“हळूहळू लागले. कळू नये असेच लावलेत.”

“छान केलंस.” त्यांनी टेबलावरच्या दिव्याकडे पाहिलं. “पण नमस्कार राहिला.”

सुकन्याने हातातला चमचा खाली ठेवला.

“घरी मला बटणापर्यंत जाववत नाही,” पार्वतीबाई म्हणाल्या. “ते यांचं काम. आज तू आहेस ना बरोबर.”

सुकन्याने टेबलावरचा दिवा विझवला आणि शंभूला हाक मारली, “हमारे कोने के दीवारवाले बंद करना ज़रा.”

“मॅडम, साहब देख रहे हैं.”

“देखने दो.”

कोपरा अंधारला. इतर टेबलांवरच्या माना वळल्या.

“लाव,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“मी?”

“मग काय, चोप्रासाहेब?”

सुकन्याने साखळी ओढली. उजेड आधी ताटावर पडला, मग आईच्या जोडलेल्या हातांवर. सुकन्यानेही हात जोडले. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.

चोप्रासाहेब लगबगीने आले. “क्या हुआ मॅडम, लाइट गयी?”

“नहीं जी, आयी,” पार्वतीबाईंनी छावणीतल्या हिंदीत परस्पर उत्तर दिलं.

मग ताट पुढे ओढत त्या लेकीला म्हणाल्या, “डाळ गार झाली. गरम मागव. आणि उद्यापासून जरा लवकर येत जा घरी, दिवेलागणीच्या आधी.”