करंगळीएवढा पाखंगबा

मित्रांनो, मी एक जुना, फार जुना नाग आहे. पाखंगबा माझं नाव. हसू नका! आम्ही माणसांच्या उलटे. वय वाढेल तसे आखडत जातो. एके काळी काकचिंगच्या या तळ्याला वेढा घालून झोपायचो, आता करंगळीएवढा उरलोय. हरणासारखी शिंगं मात्र शाबूत आहेत, बरं का.

हे तळं इबेतोंबी म्हातारीच्या अंगणातलं. पूर्वी ती रोज काठावर माझ्यासाठी फुलं ठेवायची. मग तिची नजर अधू झाली, घरात नळ आला आणि मला कोणी विचारेना. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पाणी होतं तोवर माझं भागत होतं.

एक दिवस तिचा मुलगा चाओबा म्हणाला, "उद्या मातीचा ट्रक येतोय. तळं बुजवून दुकानाचे गाळे काढू."

त्या दुपारी सून मेमथोई शेवटचे मासे काढायला जाळं घेऊन उतरली. मी मुद्दामच जाळ्यात शिरलो.

"इमा, हे बघा काय आलंय!" तिने सासूला हाक मारली. आमच्याकडे आईला इमा म्हणतात.

म्हातारीने डोळे बारीक केले. "गांडूळ असेल गं. टाक कोंबड्यांना."

"गांडुळाला शिंगं असतात होय?"

"तुझ्या माहेरी असतील!"

मेमथोई हसली नाही. तिने आपली पांढरी ओढणी काठावर पसरली आणि मला अलगद तिच्यावर ठेवलं. आता शेपूट तोंडात धरून वेटोळं घातलं, तरच म्हातारी मला ओळखणार. पण कंबर धरलेली! दोनदा शेपूट निसटली. एक कोंबडी टपून जवळ आली, मेमथोईने तिला हाकललं.

"सावकाश, आजोबा," ती पुटपुटली.

किती वर्षांनी कोणी मला आजोबा म्हटलं! तिसऱ्यांदा जमलं.

म्हातारीचं बोट माझ्यावरून फिरलं. जन्मभर मागावर तिने हीच नक्षी विणली होती. बोट पुन्हा फिरलं आणि शिंगांपाशी थांबलं.

"अगं बाई! आणि मी कोंबड्यांना टाकायला निघाले होते!" तिला रडूच फुटलं. मलाही फुटलं, पण मी मुळातच ओला, कोणाला कळलं नाही.

सकाळी ट्रक आला. म्हातारी तळ्याकाठी पाट टाकून बसलेली.

"इमा, ऊठ ना. ड्रायव्हर खोळंबलाय."

"माती काठाला टाक. बांध खचलाय."

"आणि गाळे?"

"माझ्या अंगावर बांध!"

चाओबाने कपाळाला हात लावला. माती काठालाच पडली.

मित्रांनो, फुलं नसली तरी चालतील, पाणी तेवढं राहू द्या. आणि जाळ्यात काही बारीकसं वळवळलं, तर कोंबड्यांना टाकण्याआधी एकदा नीट बघा. मी दर वर्षी आणखी लहान होतोय.