पक्क्या कागदांची अरदास

बचिंत कौरच्या पायांना आयुष्यात कधी एवढा मान मिळाला नव्हता. ऐन उमेदीची सगळी वर्षं ते पाय केळीच्या मळ्यातल्या उतारावर घड वाहत फिरले. त्यांना भेगा पडल्या, जळवा चिकटल्या, एकदा तर साप वरून सरपटत गेला. तेव्हा त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर नुसतं मागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून लसूण सोलत बसलं, तरी रोज कुणी ना कुणी येऊन त्या पायांवर डोकं टेकत होतं.

"पैरीं पौना, बीजी."

बीजींना यात कसलंही कौतुक नव्हतं. हे नमस्कार त्यांच्या पायांना नव्हते, त्यांच्या मुलाच्या सहीला होते. सुखमिंदरचं मोठ्या रस्त्यावर 'रॉयल तंदूर' नावाचं हॉटेल होतं. गोरी गिऱ्हाइकं त्याला सॅम म्हणत. सहा महिन्यांतून एकदा तो जाहिरात द्यायचा, 'आचारी पाहिजे', आणि खाली एक ओळ असायची, 'योग्य उमेदवारास स्पॉन्सर केले जाईल.' त्या एका ओळीवर मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनहून पोरं बसमध्ये बसून या समुद्रकाठच्या गावी येत. मालकाने कागद घातले की या देशात माणूस पक्का होतो, कायमचा राहू शकतो. म्हणून मालकाच्या आईचे पाय धरायचे.

परवाच पटियाळ्याचा एक आला होता. हॉटेलचं काम शिकवणाऱ्या कॉलेजची पदवी, केसांना तेलासारखं काहीतरी चोपडलेलं.

"बीजी, तुम्हाला बघून मला माझी नानी आठवली बघा."

"हो का? या देशात आल्यापासून ही कितवी नानी?"

पोरगा हसला. त्याला वाटलं, म्हातारी मोठी विनोदी आहे. मग त्याने न सांगता अंगणातलं गवत कापलं, आणि जाताना सुखमिंदरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "घरचंच काम आहे, पाजी!" बीजींना गवताची दया आली.

त्यांचे यजमान करनैलसिंग आज असते, तर या पोराला आधी जेवायला वाढलं असतं आणि मग अंगणातून हाकललं असतं. करनैलसिंगांनीही त्या काळी पुष्कळांना इथे आणलं. मळ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी सात-सात जण झोपायचे. बीजी चुलीपुढे बसून परातभर पीठ मळायच्या. करनैलसिंग मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबाला जाऊन सांगायचे, हा माझा माणूस, चांगला आहे, मी जबाबदार. एवढंच. काम झालं की तो माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेला, तरी करनैलसिंग म्हणायचे, "पाखराला दाणे टाकले की ते आपल्याच अंगणात बसून राहावं असं थोडंच आहे?" त्यांच्या पोटी हा सुखमिंदर. बीजींना कधीकधी वाटे, इस्पितळात पोर बदललं गेलं असावं.

बलकारसिंग मात्र नाटक करणाऱ्यांतला नव्हता. तो खरंच पाया पडायचा, आणि बीजींना त्याचा जास्तच राग यायचा. पंजाबातल्या नकोदरकडचा हा माणूस पाच वर्षं रॉयल तंदूरच्या भट्टीपुढे उभा होता. हातावरचे केस जळून गेलेले, पाठीचा कणा बहुतेक गावीच ठेवून आलेला. बायको म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला, दोन मुलं इथल्या शाळेत. सुखमिंदरने त्याला पहिल्या वर्षी सांगितलं, दोन वर्षं काढ, पक्का करतो. दोन वर्षांनी म्हणाला, यंदा धंदा मंद आहे. मग म्हणाला, वकील बदलतोय. मग, दिवाळी होऊ दे.

आता दिवाळी होऊन गेली होती आणि बलकार येत्या जूनमध्ये पंचेचाळीस वर्षांचा होत होता. पंचेचाळीस पूर्ण झाली की पुढे मालकाने कितीही सह्या केल्या तरी उपयोग नव्हता, दरवाजा बंद. त्यात गंमत अशी की बलकार खरा त्रेचाळीसचाही नव्हता. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, जन्म कधीचा? बापाने सांगितलं, कापसाच्या वेळचा. मास्तरांनी पोराची उंची बघितली आणि मनाला येईल ती तारीख टाकली. त्या मास्तरांच्या घाईपायी बलकारचं बिऱ्हाड उठायची वेळ आली होती.

मार्चमध्ये एका दुपारी हॉटेल बंद असताना बीजींनी मुलाला समोर बसवलं.

"बलकारचे कागद कधी घालतोस?"

"घालू की, बीजी. घाई काय आहे?"

"जून आहे घाई."

सुखमिंदरने मोबाइल पालथा ठेवला. आई समोर असली की माणूस खरं बोलतो, त्यातलं तो बोलला. "बीजी, तुला धंद्यातलं कळत नाही. कागद हातात पडला की दुसऱ्या दिवशी तो ब्रिस्बेनला जाऊन स्वतःचं हॉटेल टाकेल. मग तंदूरपुढे कोण उभं राहणार? तू?"

"म्हणजे जून जाऊ देणार तू."

"मी काय म्हटलं तसं? जून गेला तरी मी त्याला उपाशी थोडाच ठेवणार आहे? कच्च्या कागदावर राहील अजून दोन-तीन वर्षं. पुढचं पुढे."

"आणि मुलं?"

"त्याची मुलं तो बघेल की, बीजी!"

बीजींनी मुलाकडे नीट पाहिलं. पगडीची घडी सुरेख होती, दाढी काळी केलेली, मनगटात जाड कडं. दुकानात मांडलेल्या बाहुल्यालाही कपडे असेच छान बसतात. त्या उठल्या. लसणाचं टोपलं उचलून बाहेर आल्या.

बलकार मागच्या दारी कोंबडीची खोकी उतरवत होता. बीजींनी त्याला हाक मारली.

"अरे, तो तुझे कागद घालणार नाहीये. कळतंय का तुला?"

"नाही बीजी, पाजींनी शब्द दिलाय."

"जाऊन विचार. तोंडावर विचार. आवाज चढव जरा."

"पाजींवर? मोठ्या भावासारखे आहेत ते, बीजी."

"मग दुसरीकडे जा!"

"नवा मालक पुन्हा पहिल्यापासून वर्षं मोजणार. तेवढ्यात जून गेला." तो खाली बघून म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी अरदास करा, बीजी. बस."

बीजींचा संताप झाला. हा घोड्यासारखा माणूस, आणि मागतोय काय, तर म्हातारीची प्रार्थना! सही करायची आहे सुखमिंदरने, आणि हा काम लावून देतोय देवाला. पण लसूण सोलता सोलता ते शब्द बीजींच्या डोक्यात फिरत राहिले. चार पाकळ्या झाल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली.

वैशाखीला गुरुद्वाऱ्यात लंगर सुखमिंदरचा होता. त्याला यंदा गुरुद्वारा कमिटीचा प्रधान, म्हणजे अध्यक्ष, व्हायचं होतं, म्हणून लंगरही मोठा. पहाटेपासून राबत होती मात्र रॉयल तंदूरची माणसं. बलकार तव्यावर, पटियाळ्याचा नातू कांद्यावर, आणखी दोघं भांड्यांवर. सुखमिंदर कोरा पांढरा कुर्ता घालून दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होता. "सेवा चाललीये, जी, सेवा!" दुसऱ्याच्या हातांनी केलेली सेवा स्वतःच्या खात्यात जमा करून घेणारा माणूस बीजींनी आजवर पाहिला नव्हता, तो त्यांच्याच पोटी जन्मावा, हे विशेष.

कीर्तन संपत आलं तेव्हा बीजी काठी टेकत पुढे गेल्या. हातात कडाह प्रसादाच्या शिऱ्याचं भांडं होतं, तूप अजून गरम. त्यांनी ते ग्रंथसाहिब वाचणाऱ्या ग्रंथी भाईजींपुढे ठेवलं.

"भाईजी, माझ्यातर्फे एक अरदास करायची."

"हुकूम करा, माताजी. तब्येतीसाठी?"

"माझी तब्येत चांगली आहे. माझ्या मुलाने बलकारसिंगाला पक्का करायचा शब्द दिलाय. तो शब्द याच महिन्यात पुरा होवो, अशी अरदास. नावं स्पष्ट घ्या."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. शब्द तर सुखमिंदरने दिला होताच, एकदा नाही, पाच वर्षं देत होता.

भाईजींचा आवाज खणखणीत, वर माईक. सगळी संगत उभी राहिली, हात जुळले. नेहमीची अरदास झाली आणि शेवटी भाईजी म्हणाले, "सच्चे पातशाह, तुझा सेवक सुखमिंदरसिंग याने बलकारसिंगाच्या परिवाराला या देशात पक्कं करायचा शब्द दिला आहे. हा शब्द याच महिन्यात पुरा व्हावा, माता बचिंत कौरची ही विनंती तुझ्या चरणी मान्य होवो."

"बोले सो निहाल!"

"सत श्री अकाल!" तीनशे माणसांचा गजर झाला.

बीजींनी मान वळवली. सुखमिंदरचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा झाला होता. गुरूसमोर, सगळ्या संगतीसमोर आपला शब्द बोलला गेला. आता मागे फिरलं, तर प्रधानपद राहू दे, लंगरात बसायलाही तोंड उरणार नाही, हे त्याला कळत होतं. मागे स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून तव्यापाशी बलकार उलथनं हातात धरून रडताना दिसत होता. रोटी करपत होती.

एवढ्यावर बीजींचं समाधान झालं असतं. पण पुढे जे झालं, त्याने त्यांच्या तोंडाची चवच गेली. कमिटीचे जुने सरदारजी सुखमिंदरला मिठ्या मारायला लागले. "शाबास, शेरा! बापाचं नाव राखलंस!" तिसऱ्या मिठीला सुखमिंदरच्या गालावर रंग आला. पाचव्या मिठीला छाती पुढे आली. लंगरात खीर वाढेपर्यंत तो दोन्ही हात हलवून सांगत होता, "मी बीजींना म्हटलं, असं काम वैशाखीलाच करायचं. गुरूच्या हजेरीत. माणसाला माणसाने उभं नाही करायचं, तर कुणी करायचं?" आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. त्याला ते आता खरंच वाटत होतं.

कागद त्याच आठवड्यात वकिलाकडे गेले. मेमध्ये सुखमिंदर प्रधान झाला. रॉयल तंदूरच्या जाहिरातीतली स्पॉन्सरची ओळ मात्र त्याने गुपचूप काढून टाकली.

जूनमध्ये, वाढदिवसाच्या चार दिवस आधी, बलकार लाडूंचा डबा घेऊन आला. कागद दाखल झाल्याची पावती आली होती. आता वय आड येणार नव्हतं. आधी तो आत गेला. उघड्या दारातून बीजींना दिसलं, तो गुडघ्यांवर बसून सुखमिंदरच्या बुटांना हात लावत होता, आणि सुखमिंदर "अरे, अरे, गुरूची कृपा!" म्हणत पाय जरासे पुढेच करत होता. मग तो व्हरांड्यात आला.

"पैरीं पौना, बीजी. पाजी देवमाणूस आहेत."

बीजींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "उत्तर कधी येणार?"

"वकील म्हणतो, वर्षभरात."

"उत्तर आलं की त्याच दिवशी बायकामुलांना घे आणि नीघ इथून. ब्रिस्बेनला जा. स्वतःची भट्टी लाव."

बलकार दचकला. दोन्ही कानांना हात लावून म्हणाला, "असं कसं, बीजी? पाजींचे इतके उपकार! मी तर ठरवलंय, जन्मभर त्यांच्याच तंदूरपुढे उभा राहणार. ब्रिस्बेनचा तर माझ्या मनात कधी विचारही नव्हता."

आतून सुखमिंदरचा फोनवरचा प्रधानाचा आवाज येत होता.  बीजींनी टोपलं पायाने बलकारकडे ढकललं आणि हातातली सुरी त्याच्या हातात दिली.

"मग बस," त्या म्हणाल्या. "लसूण सोल."

आणि तो बसलाही.